नकलेलाही अक्कल लागते

कॅन्सस सिटीतल्या एका क्लबात, पुढे जॅझमधला थोर वादक ठरलेला चार्ली पार्कर कोवळ्या वयात सॅक्सोफोन घेऊन बँडबरोबर वाजवायला उभा राहिला, तेव्हा त्याला जेमतेम दीड गाणं येत होतं. ‘हनीसकल रोज’ पूर्ण आणि ‘लेझी रिव्हर’चे सुरुवातीचे आठ बार. दोन्ही एकाच पट्टीत. आणखी पट्ट्या असतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. बँडने ‘बॉडी अँड सोल’ धरलं आणि पार्करने त्यावर आपलं पाठ असलेलं ‘हनीसकल रोज’ सुरू केलं. सगळे इतके हसले की त्याला खाली उतरावं लागलं. ही फजिती पार्करनेच १९५०मधल्या एका मुलाखतीत सांगितली आहे. १९३६मध्ये रीनो क्लबात ड्रमवादक जो जोन्सने त्याच्या पायाशी झांज भिरकावून ‘आता पुरे’ असं सुचवलं, ती गोष्ट तर जॅझच्या दुनियेत आजही तिखटमीठ लावून सांगितली जाते.

१९३७च्या उन्हाळ्यात पार्कर जॉर्ज ली याच्या बँडबरोबर ओझार्कच्या डोंगराळ भागात हंगामी कामाला गेला. सामानात काउंट बेसीच्या वादकांच्या रेकॉर्डी होत्या. त्यांत टेनर सॅक्सोफोन वाजवत होता लेस्टर यंग. कार्यक्रम रात्री असत, दिवस मोकळा असे. पार्करने लेस्टरचे सोलो पुन्हा पुन्हा ऐकून स्वर न् स्वर पाठ केले आणि बँडमधल्या जाणत्या वादकांकडून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, समजून घेतल्या. हंगाम संपवून तो परतला, तेव्हा हसणाऱ्यांना हा तोच पोरगा आहे हे पटेना.

जॅझ म्हणजे मनात येईल ते वाजवणं, अशी बाहेरच्यांची समजूत असते. पण ‘मनात येईल ते’ मुळात मनात येतं कुठून? गेली शंभर वर्षं जॅझवादक ते दोन वाटांनी मिळवत आले आहेत. एक म्हणजे थोरांचे सोलो रेकॉर्डवरून उतरवून घेणं. दुसरी म्हणजे ते सोलो ज्या गाण्यांवर उभे आहेत, त्या गाण्यांचा आतून-बाहेरून अभ्यास. पार्करची फजिती झाली ती दुसऱ्या वाटेचा पत्ता नव्हता म्हणून, आणि त्या उन्हाळ्यात त्याने दोन्ही वाटा एकदम धरल्या.

ख्याल ऐकणाऱ्याला जॅझची मांडणी समजायला फारसं जड जात नाही. ख्यालात राग आणि ताल ठरलेले असतात, जॅझमध्ये ठरलेली असते कॉर्डची मालिका. आधी गाण्याची चाल वाजवली जाते. मग चाल बाजूला राहते, पण तिच्याखालच्या कॉर्ड त्याच क्रमाने, तितक्याच मात्रांनी फिरत राहतात. बहुतेक गाण्यांत हे आवर्तन ३२ बारचं असतं. त्याला कोरस म्हणतात. सोलो वाजवणारा या फिरत्या कॉर्डवर नवी चाल रचत जातो. ख्यालात सूर रागाच्या चौकटीत राहतो, इथे दर एक-दोन बारांना चौकटच बदलते. आत्ता शोभलेला स्वर पुढच्या बारात टोचू शकतो. म्हणूनच ‘बॉडी अँड सोल’वर ‘हनीसकल रोज’ चालत नाही.

शाळेत न जाता, नोटेशन न वाचता या विद्येत कुठवर जाता येतं, याचं उदाहरण म्हणजे इंडियानापोलिसचा गिटारवादक वेस माँटगोमेरी. विशीच्या आसपास त्याच्या कानावर चार्ली ख्रिश्चनचं ‘सोलो फ्लाइट’ पडलं. इलेक्ट्रिक गिटारला जॅझमध्ये मानाची जागा मिळवून देणारा ख्रिश्चन १९४२मध्ये, अवघ्या पंचविशीत, गेला. त्याच्याकडे शिकायला जाणं शक्यच नव्हतं. उरल्या होत्या रेकॉर्डी. वेसने त्यांवरचे सोलो एकेक करून बसवले. गावातल्या एका क्लबात त्याला काम मिळालं ते याच भांडवलावर. ख्रिश्चनचे सोलो वाजवायचे आणि ते संपले की गप्प बसायचं. घरच्यांची आणि शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून तो पिकऐवजी अंगठ्याने तारा छेडू लागला. तो मऊ, गोलसर आवाजच पुढे त्याची ओळख ठरला. १९४८मध्ये लायनेल हॅम्प्टनच्या बँडने त्याला घेतलं, त्यामागेही ख्रिश्चनसारखं वाजवण्याची हातोटी होती. पुढे तो एकाच वेळी दोन सप्तकांत चाल वाजवू लागला आणि नंतरची पिढी त्याचे सोलो उतरवत बसली.

प्रत्यक्षात सोलो उतरवतात कसा? नवख्याला बरेचदा ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘सो व्हॉट’मधला सोलो देतात. ‘काइंड ऑफ ब्लू’ या १९५९च्या रेकॉर्डवरचं हे पहिलंच गाणं. कारणही सरळ आहे. त्यात कॉर्डची धावपळ नाही. १६ बार एकच स्वरसप्तक, आठ बार तेच अर्ध्या स्वराने वर आणि शेवटचे आठ बार पुन्हा मूळ जागी. माइल्स दोन कोरस वाजवतो, म्हणजे ६४ बार, साधारण दोन मिनिटं. स्वर मोजके, मधल्या जागा मोठ्या.

पहिले काही दिवस वाद्याला हात लावायचा नसतो, फक्त ऐकायचं. सोलो रेकॉर्डबरोबर गाता येऊ लागला की रेकॉर्ड बंद करून गायचा. इथेच पहिला फुगा फुटतो. पाठ झालाय असं वाटणाऱ्या सोलोत चार-पाच ठिकाणी नुसतं गुणगुणणं असतं, नेमका स्वर नसतो. ती ठिकाणं परत ऐकायची. मग वाद्यावर एकेक वाक्य शोधायचं, रेकॉर्डबरोबर त्याच वेगात, त्याच जोराने, श्वास जिथे घेतलाय तिथेच घेऊन वाजवायचं. कागदावर लिहायचं असेल तर त्यानंतर. लिहिलेल्या स्वरांवर कॉर्ड मांडल्या की अभ्यासाचा दुसरा भाग सुरू होतो. हा स्वर या कॉर्डचा कितवा? वाक्य कॉर्ड बदलायच्या आधीच का वळलं? ते मात्रेवर सुरू झालं की मात्रा टाळून? शेवटी आवडलेलं एखादं वाक्य सोलोतून उचलून बाराही पट्ट्यांत घोटायचं आणि दुसऱ्याच गाण्यात योग्य जागी पेरून पाहायचं. दोन मिनिटांच्या सोलोत असे महिने सहज जातात.

वेगवान सोलो उतरवताना जुने लोक एक युक्ती करत. ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड १६⅔ फेऱ्यांवर लावली की वेग निम्मा होतो आणि सगळे स्वर बरोबर एक सप्तक खाली येतात, म्हणजे नावं तीच राहतात. आज मोबाइलवरचं ॲप पट्टी न हलवता वेग कमी करून देतं, हवा तो तुकडा फिरवत ठेवतं. सोय मोठी आहे, मात्र वेग कमी केल्यावर ताल धरण्याची लकबही ताणली जाते. म्हणून शेवटची तालीम मूळ वेगातच करावी लागते.

कागदाला मर्यादा आहेत आणि लेस्टर यंग हे त्यांचं उत्तम उदाहरण. तो एकच स्वर लागोपाठ वाजवताना बोटांची ठेवण बदलायचा. स्वर तोच, पण एकदा उघडा आणि एकदा दबलेला. लिहिणाऱ्याला कागदावर दिसतो तो एकाच स्वराचा चारदा काढलेला ठिपका. मात्रेच्या किंचित मागे रेंगाळत वाजवणं, अर्धवट गिळलेला स्वर, वाक्याच्या शेवटी सोडलेला श्वास, यांपैकी काहीही पाच रेषांवर नीट बसत नाही. १९७८मध्ये पार्करच्या साठ सोलोंचं ‘ऑम्नीबुक’ निघालं. ते जगभरच्या सॅक्सोफोनवादकांच्या खोलीत असतं, आणि नुसत्या त्या पुस्तकावरून वाजवणारा पाच मिनिटांत ओळखू येतो. स्वर सगळे बरोबर, पण वाजतं ते वाचल्यासारखं.

न्यूयॉर्कमधला अंध पियानोवादक लेनी ट्रिस्टानो याने ही गोष्ट फार आधी ओळखली. शिकवणं तो आधीपासूनच करत होता, १९५१मध्ये त्याने स्वतःचा स्टुडिओ काढला. त्याच्याकडे आलेल्याला लेस्टर, पार्कर, लुई आर्मस्ट्राँग किंवा रॉय एल्ड्रिज यांचा सोलो दिला जाई, आणि अट एकच असे, तो आधी गाऊन दाखवायचा. वाद्य कुठलंही असो. गळ्यातून निघाला नाही तो स्वर कानात शिरलाच नाही, असा तिथला हिशेब. लिहिण्यावर भर नव्हता. घराणेदार तालमीत वाढलेल्याला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की इथे समोर गुरू गात नव्हता, रेकॉर्ड फिरत होती.

सोलो कितीही घोटला तरी तो कशाचं उत्तर आहे हे गाण्याकडे वळल्याशिवाय कळत नाही. जॅझवादक ज्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात, ती बहुतेक ब्रॉडवेच्या नाटकांतली आणि चित्रपटांतली जुनी गाणी आहेत. जेरोम कर्नचं ‘ऑल द थिंग्ज यू आर’ १९३९मधल्या एका नाटकातलं. नाटक पडलं, गाणं मात्र वादकांनी उचललं. ३६ बारांत ते पाच पट्ट्यांतून फिरून येतं. कागदावर बघून छाती दडपते, पण चालीकडे नीट कान दिला तर तीच वाट दाखवते. सुरुवातीच्या जवळजवळ प्रत्येक कॉर्डवर चालीतला ठळक स्वर हा त्या कॉर्डचा तिसरा स्वर आहे. कॉर्डच्या मूळ स्वराला षड्ज मानलं तर तिसरा म्हणजे गंधार. तो शुद्ध आहे की कोमल, यावर कॉर्ड मेजर की मायनर ते ठरतं. म्हणजे कर्नने प्रत्येक कॉर्डचा कणा चालीतच ओवून ठेवला आहे. चाल मनापासून पाठ करणाऱ्याच्या हाती हार्मनीचा नकाशा आपोआप येतो. गाण्याचे शब्दही महत्त्वाचे. लेस्टर यंगला शब्द ठाऊक असत, आणि सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन संथ गाणं वाजवण्याआधी श्रोत्यांना त्याच्या ओळी म्हणून दाखवायचा. वाक्य कुठे तोडायचं हे शब्द सांगतात.

दहा-वीस गाणी झाली की ओळखीचे तुकडे दिसू लागतात. रे, प आणि सा या पायऱ्यांवरच्या कॉर्ड एकामागून एक येतात, त्याला वादक ‘टू-फाइव्ह-वन’ म्हणतात. हा तुकडा शेकडो गाण्यांत आहे. कधी अख्खी मालिकाच दुसऱ्या गाण्यात जाते. जॉर्ज गर्श्विनच्या ‘आय गॉट रिदम’ या १९३०च्या गाण्याच्या कॉर्डवर ड्यूक एलिंग्टनचं ‘कॉटन टेल’ आहे, पार्कर आणि डिझी गिलेस्पीचं ‘अँथ्रोपोलॉजी’ आहे, सनी रॉलिन्सचं ‘ओलिओ’ आहे आणि ‘फ्लिंटस्टोन्स’ या कार्टूनचं शीर्षकगीतही आहे. ही एक मालिका बोटांत बसली की डझनावारी गाण्यांचं दार उघडतं.

रे नोबलच्या ‘चेरोकी’ने भल्याभल्यांना घाम फोडला तो मधल्या भागामुळे. पहिला भाग बी-फ्लॅटमध्ये निवांत चालतो आणि मधला भाग एकदम बी मेजरमध्ये उडी घेतो, तिथून ए, मग जी असा उतरत घरी येतो. एरवी न लागणाऱ्या पट्ट्या, तेही भरधाव वेगात. पार्करने हे गाणं वर्षानुवर्षं घासलं. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये सॅव्हॉय कंपनीसाठी त्याने ‘को-को’ ध्वनिमुद्रित केलं, ते याच कॉर्डवर. पहिल्या खेपेला वादक चुकून ‘चेरोकी’च्या चालीत शिरले आणि मुद्रण मध्येच थांबवलं गेलं, तो तुकडाही जपलेला आहे. जुन्या कॉर्डवर नवी चाल रचण्यात व्यवहारही होता. हक्क चालीवर असतो, कॉर्डच्या मालिकेवर नाही. मूळ चाल टाळली की रॉयल्टीचा प्रश्न उरत नाही.

बीबॉप नावाच्या नव्या जॅझची जणू जाहीर घोषणाच ठरलेल्या ‘को-को’मधल्या सोलोच्या दुसऱ्या कोरसच्या तोंडाशी पार्कर काय वाजवतो? ‘हाय सोसायटी’ या न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या मार्चमधला क्लॅरिनेटचा तुकडा. तिथल्या प्रत्येक क्लॅरिनेटवादकाला तो यावाच लागे, एक प्रकारची परीक्षाच होती ती. पिढ्यान् पिढ्या घोटला गेलेला सोलो पार्करने ताशी शंभर मैलांच्या वेगात असा सहज सोडून दिला. संगीत अभ्यासक थॉमस ओवेन्सने १९७४च्या प्रबंधासाठी पार्करचे सुमारे अडीचशे सोलो उतरवले. त्यांत शंभराच्या आसपास ठरावीक स्वरवाक्यं पुन्हा पुन्हा येतात, असं त्याला आढळलं. पार्करची प्रतिभा नवे स्वर शोधण्यात होती तितकीच, किंबहुना अधिक, या वाक्यांची जुळणी दर वेळी वेगळी करण्यात होती. कॉर्डची कोणती मालिका समोर आली की कोणतं वाक्य कुठून मोडून घालायचं, हे त्याच्या हातात भिनलं होतं.

रेकॉर्डवरून शिकण्याची ही रीत मुंबईतही पोचली होती. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच सोल्फेज, म्हणजे नोटेशन वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवलं जाई. त्यामुळे मुंबईतल्या हॉटेलांचे बँड आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गोवेकर वादकांनी भरले. समोर ठेवलेलं नोटेशन वाजवायला त्यांना उसंत लागत नसे. जॅझमध्ये नेमकं कागदावर नसलेलं वाजवायचं होतं. १९३५मध्ये लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात आला, नंतर आणखीही आले, आणि इथल्या वादकांना ते कोडं जवळून ऐकता आलं. बाकीची शिकवणी रेकॉर्डींची. हळदोण्याच्या अंतोनियो शाव्हियेर वाझ यांनी, म्हणजेच चिक चॉकलेट यांनी, लुई आर्मस्ट्राँगची ट्रंपेट आणि त्याचा घोगरा गळा दोन्ही इतके आत्मसात केले की त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. पुढे ते सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करू लागले. पुणतांब्याच्या या मराठी संगीतकाराच्या ‘अलबेला’त, १९५१मध्ये, स्विंगचा जो ठेका मराठी-हिंदी श्रोत्यांच्या कानी पडला, त्याची एक मुळी आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डींपाशी जाते.

नक्कल करणारा नकलेतच अडकला तर? हा धोका खरा आहे. १९५०च्या दशकात पार्करसारखं वाजवणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की चार्ल्स मिंगसने एका रचनेच्या लांबलचक नावातच टोला हाणला. नावाचा आशय असा, की पार्कर बंदूकबाज असता तर कितीतरी नकलाकारांचे मुडदे पडले असते. ट्रंपेटवादक क्लार्क टेरी विद्यार्थ्यांना तीन पायऱ्या सांगायचा, अनुकरण, आत्मसात करणं आणि मग नवं घडवणं. गर्दी पहिल्या पायरीवर होते. तिथून हलायला मदत करतं ते पुन्हा गाणंच. उतरवलेलं वाक्य पाठ म्हणून वाजवलं तर ते उसनं राहतं. ते कॉर्डच्या कोणत्या वळणावर काय काम करतं हे कळलं, की त्याच वळणासाठी दुसरं वाक्य सुचायला लागतं.

ट्रिस्टानोचा शिष्य ली कोनिट्झ याने याची रीतसर शिडीच बांधली. ओळखीचं एक गाणं घ्यायचं आणि पहिल्या पायरीवर मूळ चाल जशीच्या तशी वाजवायची. पुढच्या पायरीवर एखाद-दुसरा स्वर वाढवायचा, मग आणखी, असं करत दहाव्या पायरीपर्यंत मूळ चाल जवळजवळ दिसेनाशी होते. कोनिट्झ सहा-सात दशकं तीच ठेवणीतली मोजकी स्टँडर्ड वाजवत राहिला आणि २०२०मध्ये ९२व्या वर्षी गेला. लेस्टरचे सोलो त्याने ट्रिस्टानोकडे घोटले होते. १९५०च्या दशकातल्या एका दौऱ्यात लेस्टरचा ‘शू शाइन बॉय’वरचा सोलो पार्करकडून दुप्पट वेगात ऐकायला मिळाल्याची आठवण तो सांगायचा. १९६७मध्ये त्याने टेनरवादक रिची कामुकाबरोबर लेस्टरचा ‘टिकल टो’वरचा सोलो जसाच्या तसा वाजवून ध्वनिमुद्रित केला. तोवर त्याची स्वतःची शैली पक्की होऊन जमाना लोटला होता. लेस्टर तरी कुठून आला? सॅक्सोफोनवादक फ्रँकी ट्रंबाउअरच्या रेकॉर्डी विकत घेऊन त्यांवरचे सोलो आपल्या सॅक्सोफोनवर बसवल्याचं त्याने स्वतः सांगितलं आहे.

ज्याला हे सगळं कानाने पडताळायचं आहे, त्याने तीन ध्वनिमुद्रणं लागोपाठ लावावीत. लेस्टरचं १९३६चं ‘लेडी बी गुड’, त्याच गाण्यावर १९४०मध्ये विचिटा इथे वीस वर्षांच्या पार्करने वाजवलेला सोलो, आणि कोनिट्झचं १९४९चं ‘सबकॉन्शस-ली’, जे कोल पोर्टरच्या एका जुन्या गाण्याच्या कॉर्डवर उभं आहे. तिन्ही मिळून दहा मिनिटांच्या आत संपतात. पार्करमध्ये लेस्टरची वळणं अजून उघडपणे ऐकू येतात, मात्र स्वराला आधीच वेगळी धार आहे. कोनिट्झमध्ये लेस्टरचं एखादं वाक्य बोट ठेवून दाखवणं कठीण जाईल. बारच्या सीमा ओलांडून लांबच लांब जाणारी ओळ आणि तिचा हलका, न थरथरणारा सूर मात्र लेस्टरकडूनच आलेला आहे.